बजेट लॅपटॉप घरात आला, पुढे काय झालं: एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. घरात चार माणसं, वडील एसटीत कंडक्टर, आई ग्रामसंघाचे हिशेब लिहिते म्हणजे उमेदच्या बचत गटांचं काम, मुलगी २०२३ ला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आणि धाकटा आठवीत. नावं आणि गाव देत नाही, बाकी जसं झालं तसं लिहितोय. माझं तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खरेदीच्या आधी सल्ला विचारायला हे लोक माझ्याकडेच आले होते आणि नंतर मशिन उघडायची वेळ आली तेव्हाही माझ्याकडेच, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं डोळ्यासमोर घडलंय. बजेट लॅपटॉपबद्दल लोक एकतर 'भारी आहे' म्हणतात नाहीतर 'भंगार आहे', आणि दोन्ही ऐकून घेणाऱ्याला काही कळत नाही. कुठे पैसे वाचतात आणि कुठे ते नंतर वसूल होतात हे कळावं म्हणून एवढं सविस्तर.

घरात आधी एक जुना डेस्कटॉप होता. लाईट गेली की तो बंद, युपीएसची बॅटरी कधीच मेलेली. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे लॅपटॉपच पाहिजे हे आधीच ठरलेलं होतं आणि ते बरोबरच होतं.

अडचण काय होती

बजेट ३० हजार, फारच झालं तर दोन-तीन हजार वर. काम तिघांचं. मुलीला टॅली, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर आणि एका टॅक्स कन्सल्टंटकडे पार्टटाइम जायची त्यांचं जीएसटीचं काम. ताईंना, म्हणजे तिच्या आईला, गटांच्या बचतीच्या आणि कर्जाच्या नोंदी एक्सेलमध्ये आणि मीटिंगचं इतिवृत्त मराठीत टाइप करायचं. मुलाला अभ्यासाचे व्हिडिओ. गेमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. म्हणजे ज्याला आपण रोजचा वापर म्हणतो तोच, फक्त माणसं तीन आणि मशिन एक. दिवसाला आठ-नऊ तास झाकण उघडं राहणार, हे तेव्हा कुणी फारसं लक्षात घेतलं नव्हतं आणि पुढे तेच महत्त्वाचं ठरलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय वीस हजाराच्या आतला नवा लॅपटॉप. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (फाइली ठेवायची साधी, हळू चिप). हा मी सरळ नको म्हणालो. दोन कोर म्हणजे काम करणारे दोन भाग, दोन थ्रेड म्हणजे एका वेळी दोनच कामं, २०१९ चा प्रोसेसर, त्यात रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेलं, म्हणजे नंतर काही वाढवता येत नाही. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणजे हे मशिन पहिल्याच दिवशी काठावर उभं. विंडोजचे अपडेट येत राहतात, जागा भरत जाते आणि मग माणूस फोटो डिलिट करत बसतो. नवीन आहे, वॉरंटी आहे, बिल आहे, हे सगळं खरं, पण तीन माणसांच्या वापराला हे मशिन पुरणारं नव्हतं.

दुसरा पर्याय वडिलांना फार पटला होता. पुण्यातल्या एका दुकानात जुना कंपनी लॅपटॉप, इंटेलचा 'आय फाईव्ह' प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फाइली ठेवायची वेगवान डिस्क), १७ हजार. त्यांचं म्हणणं, "नवा आय थ्री घ्यायचा त्यापेक्षा जुना आय फाईव्ह काय वाईट?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो म्हणून इथे जरा थांबतो. तो आय फाईव्ह ६३००यू होता, सहाव्या जनरेशनचा, २०१५ चा. दोन कोर, चार थ्रेड. ज्या नव्या आय थ्रीशी तुलना चालली होती तो १२१५यू, बाराव्या जनरेशनचा, २०२२ चा, त्यात सहा कोर, दोन जोरकस आणि चार कमी वीज खाणारे, मिळून आठ थ्रेड. नावातला तीन आणि पाच हा आकडा त्याच जनरेशनमध्ये तुलना करायला ठीक आहे, सात वर्षांचं अंतर असेल तर त्याला काही अर्थ राहत नाही. त्यात मोठी गोष्ट म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. म्हणजे १७ हजार देऊन दोन वर्षांचं मशिन. वडिलांना हे सांगितल्यावर लगेच पटलं.

तिसरा पर्याय त्यातलाच पण बरा, आठव्या जनरेशनचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून परत विकायला काढलेला बिझनेस लॅपटॉप, थिंकपॅड टी४८० वगैरे, २४-२५ हजारात. हा मला मनापासून आवडतो. मजबूत बॉडी, उत्तम कीबोर्ड, रॅमला दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी. ज्यांचं जाणं-येणं पुण्या-मुंबईत आहे आणि जे स्वतः थोडी तपासणी करू शकतात त्यांनी हा नक्की बघावा. पण या घराला अडचण दोन. विकणाऱ्याची गॅरंटी फक्त महिन्याभराची, बिघडलं तर पुणे गाठायचं. आणि १४ इंची मशिनला बाजूचा नंबरपॅड नसतो, ज्याला दिवसभर टॅलीत आकडे मारायचेत त्याला नंबरपॅड नसेल तर हात अर्ध्या वेगाने चालतो. मुलीने तिथेच नाही म्हटलं.

चौथा पर्याय नवा १५.६ इंची, तोच आय थ्री १२१५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, दसऱ्याच्या सेलमध्ये कार्डाची सूट धरून ३३,५०० रुपये. आणि याच मॉडेलचा एक भाऊ ३५,५०० ला. फरक फक्त स्क्रीनचा. स्वस्तातल्यात टीएन पॅनल, दुसऱ्यात आयपीएस. हे स्क्रीनचे दोन प्रकार, टीएन स्वस्त, आयपीएस वरून-बाजूनेही नीट दिसणारा.

काय ठरलं आणि का

चौथा घ्यायचा हे ठरलं. मग प्रश्न राहिला दोन हजाराचा. माझं म्हणणं होतं आयपीएस घ्या. कारण सोपं आहे, एसएसडी नंतर बदलता येते, स्लॉट असेल तर रॅम वाढवता येते, बॅटरी बदलता येते. प्रोसेसर, कीबोर्डची ठेवण आणि बॉडी बदलता येत नाही, आणि स्क्रीन बदलता येते पण महागात पडते. म्हणून जास्तीचे पैसे टाकायचे तर जे बदलायला महाग किंवा अशक्य आहे त्यात टाकावेत.

घरच्यांनी टीएन घेतला, आणि त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. ३० चं बजेट आधीच साडेतीन हजाराने पुढे गेलं होतं, दोन हजार म्हणजे मुलाच्या क्लासचा हप्ता. शोरूममध्ये दोन्ही स्क्रीन शेजारी बघितल्या तर काही फरक वाटला नाही. तो वाटणारच नाही, कारण तिथे आपण उभे राहून बरोबर समोरून बघतो, वर भरपूर लाईट, आणि स्क्रीनवर रंगीत फुलांचा व्हिडिओ चालू असतो. टीएनचा दोष कोनात असतो. झाकण थोडं पुढे ओढलं किंवा डोळे वर गेले की रंग पांढुरके होतात, खालून बघितलं की काळपट. दुकानात एक्सेलची कोरी शीट उघडून झाकण मागे-पुढे करून बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

एक गोष्ट मात्र तिथे फार नीट झाली. दुकानातला मुलगा विंडोज चालू करून देताना पटकन स्वतःचा ईमेल टाकायला निघाला होता, मुलीने थांबवलं आणि स्वतःचा टाकला. सोबत आलेलं ऑफिस ज्या खात्यावर चालू होईल त्याच खात्याचं होतं. शिवाय विंडोज ११ अशा मशिनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करतं आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. वर्षभराने बायोस (मशिन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यानंतर या मशिनने ती की मागितलीच. मुलीने मोबाईलवरून खातं उघडून टाकली, पाच मिनिटात मशिन चालू. हीच की दुकानातल्या पोराच्या खात्यात असती आणि त्याने नोकरी सोडली असती तर ग्रामसंघाचा सगळा हिशेब गेला असता. माझ्याकडे अशी मशिनं येतात आणि मला हात वर करावे लागतात, त्याचं फार वाईट वाटतं.

पहिलं वर्ष

वेगाबद्दल काहीच तक्रार नाही. एनव्हीएमई म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी असल्याने जुना डेस्कटॉप चालू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात इथे टॅली उघडून दोन एन्ट्र्या व्हायच्या. ५१२ जीबीचं ४७६ का दिसतं म्हणून वडील विचारायला आले होते, बरेच जण येतात, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. मराठी टायपिंगला विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, ताईंनी तो आठवड्यात आत्मसात केला, वेगळं सॉफ्टवेअर लागलं नाही. बॅटरी ४२ वॅट-अवरची, नुसतं टायपिंग असेल तर पाच-साडेपाच तास, लेक्चर चालू असेल तर साडेतीन-चार. लाईट गेली तरी काम थांबलं नाही, आणि या घराला तेच पाहिजे होतं.

रॅमचा त्रास जानेवारीत सुरू झाला. लेक्चर, टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप वेब आणि ब्राउझरचे पंधरा टॅब. विंडोज ११ चालू झाल्या झाल्याच तीनेक जीबी खातं, त्यातून ग्राफिक्स वेगळं नसल्याने तेही याच रॅममधून वाटा घेतं, मग ८ जीबी कुठे पुरणार. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली किती स्लॉट वापरलेत ते दिसतं आणि फॉर्म फॅक्टरपुढे 'सोडिम' किंवा 'रो ऑफ चिप्स' असं येतं. सोडिम म्हणजे काढता-घालता येणारी, रो ऑफ चिप्स म्हणजे बोर्डाला चिकटलेली. इथे सोडिम होती, दोनपैकी एक स्लॉट रिकामा. ८ जीबीची काडी १,७०० रुपयांना टाकली. १६ जीबी झाली आणि दोन काड्यांमुळे ड्युअल चॅनल पण झालं, म्हणजे मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद, ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. हा निर्णय वेळेवर झाला, कारण २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव असे भडकले की आज तीच काडी त्या भावात कुणी देणार नाही.

वेबकॅम ७२० पीचा, संध्याकाळी चेहरा दाणेदार दिसतो. स्पीकर खालच्या बाजूला, अंथरुणावर ठेवला की आवाज दबतो. यावर इयरफोन हाच उपाय, त्यासाठी कुणी लॅपटॉप नाकारावा असं मला वाटत नाही.

खरा प्रश्न कुठे उभा राहिला

स्क्रीनमुळे. मुलगी टेबलावर बसायची, तिला काही वाटलं नाही. ताई पडवीत बसायच्या. चौरंगावर लॅपटॉप, त्या खाली पाटावर, डोळे स्क्रीनच्या बरेच वर, समोरून अंगणातला उजेड. पॅनलचा उजेड जेमतेम २५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप), तो दिवसा बाहेर कमीच पडतो, आणि वरून बघितल्यावर टीएनमध्ये फिकट रंग उडतात. एक्सेलच्या ओळींमधल्या राखाडी रेषा त्यांना दिसायच्याच नाहीत. त्यामुळे एका गटात एका बाईची २०० रुपयांची बचत शेजारच्या ओळीत पडली, महिन्याच्या मीटिंगमध्ये ती बाई म्हणाली "माझं खातं कमी कसं?" आणि ताईंना चार बायकांसमोर उत्तर देता येईना. रजिस्टर काढून जुळवलं तेव्हा चूक सापडली. माझ्याकडे येऊन त्या म्हणाल्या, "दादा, पैशाचं काम आहे हो, बायका विश्वासाने देतात." त्यांना रेषा ठळक करून दिल्या, एकाआड एक ओळ रंगवून दिली, झूम वाढवून दिलं. बऱ्यापैकी निभावलं.

पण दरम्यान वेगळंच काहीतरी होत होतं जे कुणाच्या लक्षात आलं नाही. स्क्रीन नीट दिसावी म्हणून त्या दर थोड्या वेळाने झाकण पुढे-मागे करायच्या, तेही उजव्या हाताने, उजवा कोपरा धरून. मुलगी उठली की ताई बसणार, कोन बदलणार, मुलगा बसला की परत बदलणार.

जून २०२५ मध्ये झाकण उघडताना कर्र असा आवाज आला आणि उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात स्क्रीनची चौकट उमलली. बिजागरी गेली.

बिजागरीचं काय करायचं

वॉरंटी एक वर्षाची होती, ती ऑक्टोबर २०२४ लाच संपलेली. तरी सर्व्हिस सेंटरला दाखवलं. त्यांनी हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत असतं तरी बसलं नसतं असं सांगून झाकण आणि खालची बॉडी बदलायचे ८,२०० रुपये सांगितले. ३३ हजाराच्या, पावणेदोन वर्षं वापरलेल्या मशिनवर ८,२०० घालायचे का, हा प्रश्न घरात दोन दिवस चालला. वडील म्हणत होते आहे तसा वापरू, झाकण उघडंच ठेवू. हे मात्र कधीच करू नये, कारण बिजागरी सुटल्यावर ती चौकट फाडत जाते आणि शेवटी स्क्रीनची केबल किंवा काचच जाते.

उघडल्यावर जे दिसलं ते या किमतीच्या बहुतेक प्लास्टिक बॉडीत दिसतं. बिजागरी लोखंडाची, घट्ट. ती चार बारीक स्क्रूंनी पितळी नटांत आवळलेली, आणि ते नट गरम करून प्लास्टिकच्या खांबांत दाबलेले. स्क्रूने बिजागरी सोडली नव्हती, नटाने स्क्रू सोडला नव्हता, नटाभोवतीचं प्लास्टिक तेवढं तुटून आलं होतं, चारपैकी तीन खांब मुळासकट. घट्ट बिजागरी, एकाच कोपऱ्यातून येणारा जोर आणि दिवसभराची उघडझाप. स्क्रीनचा स्वस्तपणा एकटाच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण पॅनल बरं असतं तर त्या झाकणाला एवढ्या वेळा हात लागला नसता हे नक्की.

दुरुस्ती अशी केली. आधी बिजागरीच्या दांड्यावरचा नट थोडा सैल केला, झाकण एका बोटाने हलेल पण पडणार नाही इतका. बरेच जण हे करत नाहीत, नुसतं चिकटवून देतात आणि दोन महिन्यांत परत तुटतं, कारण मूळ जोर तसाच राहतो. मग पितळी नट स्क्रूला लावूनच जागेवर बसवले म्हणजे भोकं जुळलेली राहतात, खाली प्लास्टिक खरवडून घेतलं आणि अरल्डाइट भरलं. एक अख्खा दिवस झाकण बंद करून वजनाखाली ठेवलं. याचे हजार रुपये.

आणि इथे दुसरा निर्णय आला. झाकण उघडलंच होतं. या मशिनमध्ये नेहमीचं ३० पिनच्या जोडणीचं फुल एचडी पॅनल होतं, म्हणजे तसंच आयपीएस पॅनल बाजारात मिळतं आणि सरळ बसतं. ४,६०० रुपये. वडील कचरत होते, ताई पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या की हे माझ्या मानधनातून टाका. टाकलं. रंग फार सुधारले असं नाही, स्वस्त आयपीएस पण रंगात फिकंच असतं, आणि उजेडही जवळपास तेवढाच. पण पाटावर बसून रेषा दिसायला लागल्या, झाकणाला हात लावायची गरज संपली.

निकाल

हिशेब मांडला तर ३३,५०० चं मशिन, १,७०० रॅम, १,००० बिजागरी, ४,६०० पॅनल, एकूण ४०,८०० रुपये. आयपीएसवालं घेतलं असतं आणि रॅम नि बिजागरीचा खर्च तसाच धरला तरी ३८,२००. म्हणजे वाचवलेले दोन हजार परत गेले, वर २,६०० जास्त, आणि त्याहून महाग म्हणजे ताईंनी वीस महिने डोळे ताणून काम केलं.

तरीही मशिन वाया गेलं असं कुणी म्हणू नये. मुलगी याच्यावरच टॅली शिकली, पदवी झाली, आज त्याच कन्सल्टंटकडे पूर्णवेळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० संपलं तेव्हा सहाव्या-सातव्या जनरेशनवाले माझ्या दुकानात रांग लावून होते, या घराला काही करावं लागलं नाही. बॅटरी रिपोर्ट काढला तर ४२ वॅट-अवरपैकी ३४ शिल्लक, अडीच वर्षांच्या वापराला ठीकच. तीन माणसांचं काम चाळीस हजारात होतंय.

वेगळं काय करता आलं असतं

पॅनलचं वर आलंच. खरेदी करताना मॉडेलचं नाव एकच असतं, शेवटची अक्षरं वेगळी, आणि त्या अक्षरांत पॅनल, रॅमचा स्लॉट, बॅटरी सगळं बदलतं. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यावा आणि तोच नंबर टाकून स्पेसिफिकेशन वाचावं. तिथे आयपीएस असं स्पष्ट लिहिलं नसेल तर टीएन समजून चाला.

वॉरंटी चालू असतानाच अपघाती नुकसानीचा प्लॅन घेता आला असता. दर कंपनीची मुदत वेगळी असते, काहींची तर खरेदीनंतर लगेच संपते, म्हणून बिलाच्या दिवशीच विचारावं. एकाच्या वापराला मी हा प्लॅन नेहमी सुचवत नाही, पण जिथे तीन हात एकाच झाकणाला लागणार आहेत आणि बॉडी प्लास्टिकची आहे तिथे घ्यावा असं माझं ठाम मत आहे, फक्त बिजागरी त्यात येते का हे लेखी बघून.

बिजागरी पहिल्या वर्षातच जड वाटत होती, ताईंनी एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं. त्याच वेळी, वॉरंटीत असताना, सर्व्हिस सेंटरला फक्त 'बिजागरी घट्ट आहे' म्हणून तक्रार नोंदवून ठेवली असती तर पुढे भांडायला कागद हातात राहिला असता. आणि झाकण उघडायचं ते वर मधोमध धरून, कोपऱ्याने नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दाखवायला हवं, लहान पोरांना तर आधी.

आता पुढचा प्रश्न धाकट्याच्या दहावीनंतरचा आहे. त्याला डिप्लोमाला जायचंय आणि स्वतःचं मशिन पाहिजे. वडिलांनी या वेळी आल्या आल्या पहिला प्रश्न पॅनलचा विचारला, दुसरा रॅमच्या स्लॉटचा. रॅमचे भाव बघता मी त्यांना सांगितलंय की आत्ता ८ जीबी घेऊन नंतर वाढवू हा हिशेब या वर्षी बसत नाही, सरळ १६ जीबीवालं बघा नाहीतर पुण्यात आठव्या जनरेशनच्या पुढचं रिफर्बिश्ड शोधू, आता मुलगी पुण्याला जाते-येते त्यामुळे तो रस्ताही खुला झालाय.